एका दिवसाचा ट्रक

आमच्या सोसायटीत उन्हाळ्याची सुट्टी संपली की प्रवासवर्णनांचा मोसम सुरू होतो. कुणी स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवतं, कुणी सिंगापूरचा विमानतळ. यंदा मीही प्रवास केला. सोलापूर ते मंद्रूप आणि परत, एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून. बर्फ कुठे लागला नाही, पण सांगण्यासारखं बरंच घडलं.

निमित्त होते माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. ते सांगोल्याकडचे. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे ट्रक चालवले, डाळिंबाचे क्रेट कुठे कुठे पोचवले. आता त्यांना स्वतःचा ट्रक घ्यायचा होता, जुना का होईना. ताईने मला पुण्याहून बोलावलं, कारण व्यवहारात एक शहाणं माणूस सोबत असावं असं तिचं मत. माझ्या शहाणपणाची सगळी भिस्त गिअरबॉक्सच्या आवाजांवरच्या अकरा व्हिडिओंवर होती. ते मी रेल्वेत बघितले. दौंड यायच्या आत मी तज्ज्ञ झालो होतो आणि वहीत टिपणंही काढली होती.

सोलापुरात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन मात्र दुपारचं होतं. शहराबाहेर जुन्या ट्रकांचा एक अड्डा आहे, तिथे दाजी माझ्या आधी पोचून एका नारंगी ट्रकभोवती प्रदक्षिणा घालत होते. रंग ताजा, सीटवर नवं रेक्झिन, आरशाला गोंडे. अड्ड्याचे शेठ खुर्चीतून न उठता म्हणाले, "दिवसभर फिरवा. न्हाई पटली तर दिवस मावळायच्या आत जशी नेली तशी आणून लावा, इसार परत देतो. त्याच्यानंतर गाडी तुमची."

म्हणजे ट्रक ठेवायचा की परत करायचा, हे ठरवायला आमच्याकडे एक दिवस होता. दाजी वर चढले, खांद्यावरच्या टॉवेलने स्टेअरिंग पुसलं आणि पहिला गिअर टाकला. पायाखालून जात्यासारखी घरघर आली. फार मोठी नाही, पण आली. मी वही उघडली.

"दाजी, आवाज येतोय."

"कुटं?"

"खालून. गिअरबॉक्समधून."

"रस्ता खराब हाय, पाव्हणं."

रस्ता नवा कोरा काँक्रिटचा होता. मी वही मिटली.

विजापूर रस्त्याला लागल्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. चहावाल्याने पातेल्यातून मान वर न करता निदान केलं, "क्लच प्लेट गेलीय." बाकावरचा एक जण म्हणाला, "प्लेट न्हवं, जॉइंट हाय तो." तिसऱ्याने डिझेलात भेसळ असल्याचं सांगितलं. आपल्याकडे माणूस आजारी पडला तरी एवढे सल्ले मिळत नाहीत. कप रिकामा व्हायच्या आत तीन निदानं झाली आणि एकाही वैद्याने रोग्याकडे वळून पाहिलं नव्हतं. दाजी प्रत्येकाला "व्हय का? बघू की" म्हणत होते आणि पुढच्या काचेवरचा न दिसणारा डाग पुसत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे नागपूरकडचा कुणी ड्रायव्हर. हा प्रकार मला नवा होता. ट्रकवाले गाडी बिघडली की फोन सरळ गिअरबॉक्सपाशी धरतात आणि जाणत्या माणसाला आवाज ऐकवतात. असे जाणते फार थोडे, आणि त्यांतले एक आमचे दाजी निघाले. त्यांनी जेमतेम दोन सेकंद ऐकलं.

"क्लच दाबल्यावरच वराडतंय न्हवं? रिलीज बेरिंग हाय. गाडी चालवू नगो, हाय तितंच हुबी कर."

फोन खिशात टाकून ते परत केबिनमध्ये चढले. नागपूरच्या गाडीतलं बेरिंग ज्यांना सोलापुरात ऐकू आलं, त्यांना स्वतःच्या सीटखालची घरघर ऐकू येत नव्हती. मला रागही आला आणि हसूही. मी वही तशीच मिटलेली ठेवली, कारण ते गाणं गुणगुणत होते आणि ताईच्या लग्नापासून मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मंद्रूपला बाजारचा दिवस होता. एका खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि डाळकांदा (हरभऱ्याच्या डाळीची कांदा घातलेली तिखट भाजी) असं जेवलो. डाळकांद्याच्या तिखटाने माझे कान बंद झाले, आणि दाजींना त्याचंच समाधान वाटलेलं दिसलं. जेवून निघालो तर तिसरा गिअर टाकला की आपोआप बाहेर येऊ लागला. दोनदा आला. दाजींनी गुडघ्याने दांडा दाबून धरला आणि माझ्याकडे बघून हसले, जणू सगळेच लोक गाडी अशी चालवतात. भर बाजारात पहिला गिअर टाकावा लागला, आणि मग तो निघेचना.

पुढची दहा मिनिटं आमची मिरवणूक निघाली. पुढे बाजार, मागे बाजार, मध्ये आम्ही. दोन शेळ्या ओढत चाललेली एक म्हातारी आम्हाला मागे टाकून गेली. तिने वळून जी नजर टाकली, ती मी घरी कुणाला सांगणार नाही. कांद्याच्या ढिगामागून एक आजोबा कानडीत ओरडले, "गाडी सरी इल्ला (गाडी ठीक नाही)." मी दाजींना विचारलं काय म्हणाले. दाजी म्हणाले, "मला कानडी कळत न्हाय." दहा वर्षं त्यांनी विजापूरला माल नेलाय.

बाजार संपता संपता गिअर सुटला. पण गाडी तापली होती आणि सकाळची घरघर आता ओरडू लागली होती. शहर जवळ आलं तेव्हा चार वाजून गेले होते. मी प्रथमच आवाज चढवला, "दाजी, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय मी उतरणार नाही." त्यांनी गाडी शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीकडे वळवली.

लक्ष्मय्या मिस्त्री साठीचे, तेलुगू घरातले. तीस वर्षं यंत्रमागावर काम करून मग गिअरबॉक्सकडे वळलेले. मी त्यांना सगळी हकीकत वहीतून वाचून दाखवली. शेवटी त्यांनी कानावर हात ठेवून मान हलवली. "कान मागावरच ठिवून आलोय मी. गाडी चालू करा."

आवाजाच्या निदानासाठी आम्ही ऐकू न येणाऱ्या माणसाकडे आलो होतो. मी कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी आपला हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. "न्यूट्रल. क्लच दाबा. सोडा. परत दाबा." मग ते गाडीखाली सरकले, लांब पान्याचं एक टोक गिअरबॉक्सला लावलं, दुसरं जबड्याला, आणि डोळे मिटले. "दाबा. सोडा."

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. "दाबला की गप, सोडला की थरथर. क्लच चांगला हाय. आतल्या शाफ्टचं बेरिंग गेलंय, दात बी खाल्लेत." मग त्यांनी तळाचा बोल्ट सैल करून थोडं तेल हातावर घेतलं. तेल कसलं, पातळ शिरा होता तो. "लाकडाचा भुसा. घट्ट तेलात कालवून भरलाय. गाडी गार असंस्तवर आवाज दबतो." त्यांनी बोल्ट परत आवळला. "गिअरची पेटीच बदलावी लागंल."

दाजींनी ते तेल बोटांत चोळून बघितलं. "म्हंजी परत द्यायची?" त्यांनी हळू विचारलं. मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. दाजींनी पुन्हा विचारलं नाही.

तिथून अड्डा वीस मिनिटांवर होता. दाजी पहिल्याच चौकात उलट्या बाजूला वळले, मग आणखी एका. रस्ताभर गिअरबॉक्स बोंबलत होता, लोक वळून बघत होते. मी वेळ बघत होतो. सूर्य तिरपा झाला होता.

"पहिल्याच गेरात कळलं हुतं मला," दाजी समोर बघत म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"वीस वरसं लोकांच्या गाडीची खोट सांगितली, पाव्हणं. पटदिशी सांगायचो, लई जोरात. आपल्या गाडीची खोट सांगायला आपली गाडी असावी लागती की. सकाळीच बोललो असतो तर तवाच परत द्यावी लागली असती. दिसभर तरी हुती."

मला एकदम फार वाईट वाटलं, आणि सकाळपासून जमवलेले सगळे टोमणे मी वहीसकट पिशवीत टाकले. दिवस मावळायला थोडा अवकाश असताना आम्ही अड्ड्यावर पोचलो. दाजींनी किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली. शेठ म्हणाले, "आवाज हुता का काय?" दाजी म्हणाले, "बेरिंग गेलंय. भुसा काढून टाका, न्हायतर पुढच्या माणसाला घाटात मारंल." शेठनी पंख्याकडे बघत इसाराचे पैसे मोजून दिले.

सोसायटीत परवा कुणीतरी विचारलं, काय काय बघितलंत? मी मंद्रूपचा बाजार सांगितला, भाकरी सांगितली, शेळ्यांची म्हातारी गाळली. ताईचाही फोन आला होता. सगळी हकीकत ऐकल्यावर, मिस्त्रींकडून अड्ड्यापर्यंतच्या वीस मिनिटांच्या रस्त्याला दीड तास का लागला, हे तिने विचारलं. मी म्हणालो, दाजी रस्ता चुकले. सोलापुरात वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस रस्ता कसा चुकेल, असं ती म्हणाली, आणि मग तिने हळूच विचारलं, त्यांना आवडला होता का रे तो ट्रक?