तोंडाला बांधलेला साचा

गणपतीच्या डोळ्याची रेघ मी थेट त्याच्या कानापर्यंत ओढली, तेव्हा दादाने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. मी बसल्याजागी पेंगलो होतो. पेणमधल्या आमच्या कारखान्यात मूर्ती कोणीही घासेल, अंगाचा रंग कोणीही मारेल, पण डोळ्यांची आखणी माझी. दादा माझा थोरला भाऊ, कारखान्याचा कर्ताधर्ता. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, “आधी झोप नीट कर. मंग ब्रश माग.” मला धास्तीच बसली. गणपती तोंडावर आले होते, आणि बाहेरचा आखणीवाला आणायला त्याला एक फोन पुरे होता.

माझं घोरणं बायकोने लग्नापासून सोसलं होतं. घोरता घोरता माझा श्वासच मध्ये अडकतो, म्हणून रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटतात, हे रोह्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. उपाय म्हणून एक मशीन घरी आलं. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मऊ सिलिकॉनचा मास्क, आणि तो डोक्यामागे बांधायला पट्टे. मशीन हवा फुंकणार, मी ढाराढूर झोपणार.

मास्क लावून आरशासमोर उभा राहिलो. जन्मभर मूर्तींना सोंडा लावल्या, आता आपली पाळी. बायकोने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पोट व्हतंच आधीपासून,” ती म्हणाली, “सोंडच काय ती कमी व्हती.”

मास्क कसा लावायचा ते रोह्यात मशीन देणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. मी ते अर्धंच ऐकलं. ज्याचा उभा जन्म साच्यांत गेला त्याला मास्क काय शिकवता? साच्यात प्लास्टर ओतण्याआधी आम्ही आतून तेलाचा हात फिरवतो, म्हणजे माल चिकटत नाही, अलगद सुटतो. त्याच हिशेबाने मी झोपण्याआधी नाकागालांना खोबरेल चोपडलं. मास्क घसरला, फटीतून हवा सुटून माझ्याच डोळ्यांत जाऊ लागली. साचा गळायला लागला की आम्ही त्याच्या रबरी पट्ट्या आवळतो. मीही पट्टे आवळले. तरी गळतोय म्हटल्यावर आणखी आवळले. धुण्याचा तर प्रश्नच नव्हता, साचे कोणी रोज धुतं का?

थोड्याच दिवसांत गालांवर पुरळ उठलं आणि नाकाच्या दांडीचं सालटं निघालं. “पॉलिशपेपर मारला का काय?” बायकोने विचारलं. मला हसू येईना. मास्क लावला की नाकाची आग, काढून ठेवला की दिवसा पेंग. आणि तिकडे कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगा वाढत चालल्या होत्या.

शेवटी बायकोने मला एसटीत घालून रोह्याला नेलं. त्या बाई माझं नाक बघून आधी कळवळल्या, मग तेलाची हकिकत ऐकून पोट धरून हसल्या. “अहो काका, तुम्हाला साच्यातून बाहेर नाय काढायचं, आत ठेवायचंय!” त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, मशीन सुरू केलं आणि पट्टे सैल करत नेले. पडेल की, म्हणून मी ओरडलो. पडला नाही. हवेनेच सिलिकॉन फुगून मास्क नाकाभोवती अलगद बसला, आणि पट्ट्याखाली माझं बोट सहज जात होतं. तेल बंद, तोंड धुऊन कोरडं करायचं, मास्क रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा, असं त्यांनी बजावलं. डॉक्टरांनी जखमेला मलम दिलं, आणि ती भरेपर्यंत दांडीला न टेकणारा दुसरा मास्क दिला. “सवय जागेपणी करा,” बाई म्हणाल्या.

मी ते फारच मनावर घेतलं. कारखान्यात रंग कालवायलाही नळीसकट मास्क लावून बसू लागलो. जवळच्या गडब गावाहून मूर्ती ठरवायला आलेली एक बाई दारातच थबकली आणि सोबतिणीला म्हणाली, “गो बाय, ह्यो गणपती त जित्ता हाय!” दादासुद्धा तोंड फिरवून हसला, पण ब्रशचं नाव काढेना.

नाक भरलं. हळूहळू झोपही लागू लागली, आणि एके दिवशी जेवून उठल्यावरही डोळे टक्क उघडे राहिले. मी दादापुढे हात केला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ब्रश दिला. पहिल्या मूर्तीच्या पापणीची रेघ एका दमात उतरली. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल, पण हे बायकोला सांगायची सोय नाही.

मग मला राहवेना. व्यापारी रोज फोन करत होते आणि दादा प्रत्येकाला “रंग वला हाय” म्हणून थोपवत होता. “बाहेरचा माणूस का नाय आणलास?” मी विचारलं.

“आखणीवाले छप्पन मिळतात, भाऊ नाय मिळत,” तो म्हणाला. “बाबा असंच घोरायचे. एका सकाळी उठलेच नायत. तुझा ब्रश काढला नसता, तर तू ह्यो मास्क लावला असतास?”

नसता लावला. दादा पुढची मूर्ती माझ्यासमोर ठेवून गेला.