नजर लागावी म्हणून

भारताने आपली बाजारपेठ जगाला खुली केली ती कशासाठी, यावर विद्वानांत मतभेद असतील; केजमध्ये नव्हते. आमच्या शेजारच्या फोटोवाल्या मामूंना ऑटोफोकसचा कॅमेरा मिळावा म्हणूनच ती खुली झाली, असं खुद्द मामूंनी बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात तो कॅमेरा कुठल्याही आर्थिक धोरणातून आला नव्हता. तो भाच्याच्या बॅगेतून, टॉवेलात गुंडाळून, सौदीहून आला होता.

मामूंचा स्टुडिओ लग्नांवर आणि पासपोर्टवर चाले. जीव मात्र कुस्तीत. जुन्या कॅमेऱ्याची रिंग फिरवून फोकस जुळेपर्यंत कुस्ती निकाली निघे. त्यामुळे वीस वर्षांत त्यांच्याकडे साठले ते फक्त सलामीचे फोटो. त्यांतले पैलवान सोयरीक जुळवायला आल्यासारखे हात मिळवून उभे असत. नवा कॅमेरा हे सगळं बदलणार होता. युसूफ वडगावच्या जत्रेत मामूंनी आख्खा रोल संपवला. फोटो धुऊन आले तेव्हा पैलवानांच्या जागी धुराचे दोन लोट होते, आणि मागे बसलेल्या प्रमुख पाहुण्यांची इस्त्रीची टोपी अशी लख्ख, की तिच्या कडेने बोट कापावं.

तिथल्या तालमीच्या वस्तादांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "मामू, ह्यात आमचा गडी कुठाय?"

"हा काय, टोपीच्या म्होरं."

"मग टोपीच लावतो तालमीत. पोरं तिलाच नमस्कार घालतील."

मामूंना हे लागलं. "वस्ताद, पुढच्या जत्रेला गड्याची पाठ मातीला लागताना साफ दिसली न्हाई, तर कॅमेरा भाच्याला वापस. मरेस्तोवर पासपोर्टच काढीन."

यंत्रालाही मोठी माणसं तेवढी ओळखू येतात, याचं मला नवल वाटलं नाही. मामूंनी मात्र कारण शोधून काढलं. "सर, ह्या मशिनीला रेघ लागते. काळ्याला लागून पांढरं. मातीत लोळलेला गडी मातीचाच दिसायलाय, मग ती बिचारी टोपी धरती." पुढे वर्षभर त्यांनी त्या कॅमेऱ्याला खोंडासारखं वळण लावलं. बाजेवर काड्यापेट्यांची तिरकी रांग मांडून मधल्या पेटीवर नेम धरला, रोल स्वतः धुतला आणि भल्या सकाळी माझं दार वाजवून निकाल सांगितला, "लेन्स चार बोटं मागं बघायलीय!" तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीच्या चार बोटं अलीकडे नेम धरू लागले, माझा पासपोर्टचा फोटो काढताना माझ्या नाकाच्या शेंड्यावर. पळत्या वस्तूचा सराव ते पॅसेंजर भरून पळणाऱ्या वडाप जीपांवर आणि शेळ्यांवर करत. मुमानी धुणं घेऊन अंगणातून जाऊ लागल्या की "जरा जल्दी चल, जत्रेतल्यासारखी!" असं ओरडत. "एवढं तर निकाहाच्या दिवशीबी बघितलं न्हाई," मुमानी म्हणत. फोकस पकडायला बटण अर्धं दाबून धरण्याची तर त्यांना इतकी सवय जडली की एकदा मयताच्या घरी बसलो असताना त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर अर्धं दाबलेलं मी पाहिलं.

राहिला प्रश्न रेघेचा. जत्रा आठवड्यावर आली तेव्हा ते मला घेऊन तालमीत गेले आणि पैलवानांना चौकटीचे लंगोट शिवावेत असं सुचवलं.

"गडी हाय का उशीचा अभ्रा?" वस्ताद म्हणाले.

"बरं, मग दंडाला काळा दोरा तरी. चांगला जाड."

"दोरा बांधू की. नजर लागू नये म्हणून सगळेच बांधत्यात."

"नजर लागावी म्हणून बांधायचाय, वस्ताद! ह्या मशिनीची!"

वस्तादांनी दोरा मागवला.

शेवटच्या कुस्तीला मामू आखाड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. सलामी झाली, हलगी तापली. मागची गर्दी पुढे लोटली. मामूंना दोन-तीन धक्के बसले, पण डोळा हलला नाही. एकाएकी वस्तादांच्या गड्याने धोबीपछाड मारली आणि त्याच क्षणी खट्‌ असा आवाज आला. गर्दीने पैलवानाला उचललं, वस्तादांनी मामूंना उचललं, आणि मामूंनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

फोटो आला तो असा, की मातीचा कण न्‌ कण मोजावा. पाठ मातीला टेकलेली, वरच्या गड्याच्या दंडावर काळ्या दोऱ्याचा पीळसुद्धा स्पष्ट. आजही तो तालमीत लावलेला आहे. मामूंची नजर आता अधू झाली आहे. तरी जत्रेला गेले की ते त्या फोटोपुढे उभे राहतात आणि नव्या पोरांना दोऱ्याचं आणि चार बोटांचं शास्त्र समजावून सांगतात. मीही दरवेळी मान हलवतो. त्या दिवशी कॅमेरा हातात आला तेव्हा लेन्सच्या बाजूचा बारका खटका गर्दीच्या त्या धक्क्यांनी खाली सरकलेला होता, तो मी गुपचूप वर केला. खाली असला की ऑटोफोकस बंद असतो.