अर्धा ऐकलेला हुकूम

नानांच्या जुन्या पलटणीकडून छापील कागद आला, तेव्हा मी देवपुरातल्या एका प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून. पण तरुणपणी ते एका स्वयंसेवक तोफखान्यात होते. म्हणजे पोटापाण्याचा धंदा सांभाळून वर्षातून महिना-दोन महिने शिबिराला जायचं, तोफ चालवायला शिकायचं, आणि लढाई लागली की बोलावणं येईल तिथे हजर व्हायचं. त्यांच्या तोफेवर एक पोस्टमन होता, एक गिरणी कामगार, एक शिंपी. एकाहत्तरच्या लढाईत ही मंडळी गुजरातच्या किनाऱ्यावर तेलाच्या टाक्यांची राखण करत होती.

पलटणीला आपला युद्धकाळातला इतिहास छापायचा होता. जुन्या लोकांनी आपापल्या तोफेची हकिगत लिहून पाठवावी आणि खाली सोबतच्या एकाची सही घ्यावी, असं होतं. कागद इंग्रजीत, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मला त्यात अवघड काही वाटलं नाही. ती हकिगत मला पाठ होती. आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होती. दुपारची वेळ, समुद्राकडून एक विमान झेपावत आलं, नानांच्या तोफेनं बारा गोळे सोडले आणि विमान धूर ओकत पाण्यात पडलं. मी एका बैठकीत सगळं लिहून काढलं आणि नानांना वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की!"

"विमान पडलं असं मी म्हटलं होतं?"

मी आठवून पाहिलं. बारा गोळे त्यांनी सांगितले होते, धूर त्यांनी सांगितला होता. पण विमान पडल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला काही केल्या आठवेना. शेजारचे आबा सांगायचे, मामा सांगायचा. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, ती तिथूनच म्हणाली, "बठ्ठी गल्लीले माहीत शे. आते काय इचारी ऱ्हायनात?"

नाना मला म्हणाले, "रविवारी मुक्ताईनगरला जाऊ. सही लागणारच आहे."

तोफेवरचा शिंपी मुक्ताईनगरचा. एसटी स्टँडमागे त्याचं दुकान होतं. मी त्यांना काका म्हणायची. आम्हाला पाहून त्यांनी मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढून ठेवली आणि नानांना मिठी मारली. चहा झाला. मग मी लिहिलेलं मराठीत सांगितलं, तर ते नानांकडे बघतच राहिले.

"विमान पडलं कुठी, भाऊ? ते तं टाकीवर बॉम टाकून निंघून गेलं."

"मग बारा गोळे?" मी विचारलं.

"ते मंग मारले. रिकाम्या आभायात. माहा पाय गोळा सोडाच्या पैडलवर होता. मी याले इचारलं, मारू का? हा म्हणे, थांब."

मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "टाकी आदल्या दिवशी जळाली होती."

"त्याच दिवशी!"

"आदल्या दिवशी. पोस्टमन तेव्हा पाणी आणायला गेला होता."

"तो तं तापानं पडेल होता, भाऊ!"

अर्धा तास हेच चाललं. त्या दिवशी जेवायला खिचडी होती की डाळभात, वारा कुठून होता, पोस्टमनला ताप कधी आला. एकाला जे लख्ख आठवायचं ते दुसऱ्याला मुळीच आठवत नव्हतं. दोघंही खोटं बोलत नव्हते, एवढं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मी पेन हातात धरून बसले होते आणि काय लिहावं ते मला कळत नव्हतं.

शेवटी काका म्हणाले, "लिही पोरी, तुह्या मनानं. विमान पडलं तं पडलं. मी सही करतो."

नानांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "नको," म्हणाले.

परतीला जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी न राहवून विचारलं, "नाना, तुम्ही थांब का म्हणालात?"

ते फलाटाकडे बघत बोलू लागले.

"टेलिफोन माझ्याकडे होता. हुकूम त्यावर यायचा. तार खरखरत होती. मला एकच शब्द ऐकू आला, फायर. त्याच्या आधी काही होतं की नाही, ते कळलं नाही. नुसतं फायर म्हणजे मारा. आणि होल्ड फायर म्हणजे मारू नका. आपलीही विमानं हवेत होती. मी थांब म्हटलं."

"नंतर विचारलं नाहीत, काय हुकूम होता ते?"

"विचारलं ना. पलीकडचा म्हणाला, त्या वेळी मी फोनच केला नव्हता."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "मग तो आवाज कोणाचा?"

"तेच तर," नाना म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "टाकीजवळची दोन माणसं भाजली. एक पुढे दगावला म्हणतात. नक्की माहीत नाही."

"आणि विमान पडल्याचं?"

"घरी आलो तर गल्लीनं हार घातले. कोणीतरी बोललं, विमान पाडलं. तेव्हा मी गप्प बसलो. मग सांगायचं राहूनच गेलं."

गाडी लागली. जागा धरण्यासाठी लोक खिडकीतून पिशव्या टाकत होते. मला राग आला होता, पण कोणाचा ते ठरवता येत नव्हतं. ज्या माणसानं माणसं वाचवायला थांब म्हटलं आणि कदाचित त्यामुळेच माणसं भाजली, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? आणि टाकी खरंच आदल्या दिवशी जळाली असेल तर? मग त्यांच्या थांबण्यामुळे कोणी भाजलंच नव्हतं. एरंडोल येईपर्यंत मी हाच हिशेब जुळवत होते. जुळला नाही.

घरी येऊन मी पहिला कागद फाडला. नव्यावर नानांनी सांगितली तेवढीच वाक्यं इंग्रजीत उतरवली: तोफ सज्ज होती, आदेश स्पष्ट ऐकू आला नाही, नंतर बारा गोळे सोडले. सहीसाठी तो टपालानं मुक्ताईनगरला पाठवला. आठवड्यानं सही होऊन परत आला. सहीखाली काकांनी पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, "टाकी त्याच दिवशी." ते खोडायचं की ठेवायचं, मी नानांना विचारलं. "राहू दे. त्याला तसं दिसलं," ते म्हणाले.

इतिहासाचं पुस्तक यायला काही वर्षं गेली. तोवर माझं लग्न होऊन मी जळगावला आले होते. माहेरी गेले तेव्हा नानांनी ते माझ्या हातात दिलं. त्यांच्या तोफेबद्दल एकच ओळ होती: अचूक मारा करून शत्रूचं विमान पिटाळून लावलं. तोफेचा क्रमांक त्यांचाच होता, पण बंदर निराळंच छापलं होतं. तिथे नाना कधी गेलेच नव्हते.

"पत्र लिहून कळवू या का?" मी म्हणाले.

"काय कळवणार?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. मी पुस्तक मिटलं.

त्याच हिवाळ्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला आले आणि आठ दिवस नानांकडे राहिले; मीही तेव्हा माहेरी आले होते. डोळ्यावर पट्टी, म्हणून सकाळी ओट्यावर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एके दिवशी पुस्तक आणून ती ओळ मराठीत सांगितली. त्यांनी मान वाकडी करून नीट ऐकली, आणि पुन्हा सांगायला लावली.

"हे आपल्या तोफेचं हाये का, भाऊ?" त्यांनी नानांना विचारलं.

नाना शेजारी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. "नंबर तर आपलाच आहे," म्हणाले, आणि सोललेले चार दाणे त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवले.