मी दाढी करायला बसले

माझे भावोजी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात. "वरची ओळ वाचा. आता खालची. आता बरं, की आधी बरं होतं?" दिवसभर ते एवढंच बोलतात, आणि घरी आले की तेवढंही नाही. ताईच्या लेखी ते निव्वळ मुखदुर्बळ. खरं सांगते, मीही तिच्याच पक्षात होते.

एकदा काच बदलायला दुकानात गेले, तर माझ्या नंबराच्या चिठ्ठीमागे भावोजींच्या अक्षरात लिहिलेलं : 'सासूबाई माझ्या चष्म्यावर मुद्दाम बसल्या.' हीच ओळ ताईने मला एका ब्लॉगवरून वाचून दाखवली होती. तेव्हा भांडं फुटलं. 'सोशिक सून' या टोपणनावाने ब्लॉगवर नऊ वर्षं कथा लिहिणारी बाई म्हणजे आमचे भावोजी! त्यांनी मला लगेच शपथ घातली.

त्या सुनेची सगळ्यात कट्टर वाचक कोण, तर ताई. जेवताना मोबाईल पाण्याच्या भांड्याला टेकवून मोठ्याने वाचायची, डोळे पुसायची आणि नवऱ्याला ऐकवायची, "बघा, बाई कशी लिहिते! तुम्हाला साधा निरोप लिहिता येत नाही." भावोजी मान खाली घालून घास गिळायचे.

"तिने हे कौतुक एकदा माझ्याकडे बघून करावं, बस," ते मला म्हणाले.

"मग सांगून टाका की!"

"कसं सांगू? ती सुनेला पत्रं लिहिते. माझ्याबद्दल."

शेवटी त्यांनी दुसरा ब्लॉग काढला. स्वतःच्या नावाने, आडनावासकट, वर पासपोर्टचा फोटो. नव्याने, सरळ मार्गाने कौतुक मिळवायचं ठरवलं होतं. पहिला लेख सुट्टीच्या सकाळवर. आठ वेळा तपासला, ताईला पाठवला, आणि हे शूर गृहस्थ आधीच पुसलेला आरसा पुन्हा पुसायला लागले.

लेखाचं पहिलं वाक्य होतं : 'आज निवांत मी दाढी करायला बसले.'

नऊ वर्षं सुनेच्या तोंडून लिहून हाताला वळणच तसं पडलेलं. पुढे 'मिशी जास्त कापली गेली म्हणून घाबरले', मग 'उलटा बनियन घालून गच्चीत गेले'. जगाची नजर तपासणाऱ्या माणसाला यातलं एकही दिसू नये!

तासाभरात लेखाखाली शेरे पडले. 'ही तर सोशिक सूनची भाषा! चोरा, निदान ले-चं लो तरी करायचंस.' ताई भडकलीच. "चोरी करता? तीही त्या माउलीची?"

"चोरी नाही गं. ती माउली मीच."

"सिद्ध करा! मी तिला गेल्या महिन्यात काय लिहिलं?"

भावोजींनी डोळे मिटले. "'आमचे हे कधी चार शब्द बोलत नाहीत.'"

"आणि तिचं उत्तर?"

"'गप्प बसू नकोस, बहिणी. त्याला जाब विचार.'"

"विचारला की मी! तेव्हा तुम्ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलात!"

"उत्तराची तयारी नव्हती गं."

मला हसू आवरेना, म्हणून मी आत पळाले. परत आले तर ताई रडत होती. कथा वाचून रडायची तशी नाही, नाक लाल करून, रागाने. "परक्या बाईपाशी मन मोकळं करत होते मी. आणि ऐकत होतात तुम्ही!"

"सगळं पाठ आहे," भावोजी म्हणाले. मला दोघांचीही फार दया आली.

ताईने नाक पुसलं, मोबाईल ओढला आणि चोरीच्या त्या शेऱ्यांखाली स्वतःच्या नावाने लिहिलं : 'लेखक माझे यजमान आहेत. सूनही तेच आहेत. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा.' मग नवऱ्याकडे वळून, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "फार छान लिहिता हो तुम्ही."

ताई पुढे म्हणाली, "फक्त त्या सुनेचा नवरा एवढा बावळट का रंगवलात?"

"तेवढं एकच पात्र मला जवळून माहीत होतं गं."