ॲलर्जी म्हणायचं, दमा नाही

आमच्या कर्वेनगरच्या घरात दमा हा शब्द उच्चारायला बंदी होती. मला जे व्हायचं, त्याला ‘ॲलर्जी’ म्हणायचं. दम्याची मुलगी म्हटलं की पुढे लग्न अडतं, असं आईचं म्हणणं. मी तिसरीत होते, म्हणजे काळजीला उशीरच झाला होता.

डॉक्टर अस्सल पुणेरी. त्यांनी औषध ओढायचा पंप लिहून दिला, तेव्हा आईने विचारलं, “पंपाची सवय तर नाही ना लागणार?”

“श्वासाची लागली आहे ना? आधी ती टिकवू,” ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं, की शरीरातल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. माझ्या पेशी साध्या धुळीलाही दरोडेखोर समजून बोंब ठोकतात. सगळी फौज धावून येते, चोर सापडत नाही, श्वासनळी मात्र सुजते. धूळ-धूर टाळा आणि पंप हाताशी ठेवा, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

बाबा खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. ऑफिसच्या इंटरनेटवर त्यांनी या निरोप्यांचा असा काही अभ्यास केला, की इंटरल्यूकिन्स नावाची ती सगळी रसायनं त्यांना नंबरासकट पाठ झाली. पंप कुठे आहे, हे मात्र फक्त आईला ठाऊक. तो स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यामागे असायचा. हाताशीच म्हणायचा.

आमच्याकडे राहणाऱ्या आत्याचा इलाज वेगळा. छाती मोकळी व्हावी म्हणून ती निखाऱ्यांवर ओवा टाकून मला धुरी द्यायची. खोकला वाढला की समाधानाने म्हणायची, “बघ, कफ सुटतोय.”

एका रविवारी बाबांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली. मी जरा खोकले, तशी आत्या तत्परतेने धुरी घेऊन हजर. थोड्याच वेळात माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली. बाबांना आयतं उदाहरण मिळालं. “आत्ता बघा, हिच्या पेशी सायटोकाइन्स सोडतायत,” ते पाहुण्यांना सांगू लागले. पाहुणे माना डोलवत होते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, फक्त श्वास येत नव्हता. इतक्या हुशार माणसांत आपण मरणार, असं वाटून मी भयंकर घाबरले.

आई दारात खिळली होती. पंप आणावा, तर तो सगळ्यांना दिसणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती वळली, आत डबे धडाधड पडले, आणि रव्याने माखलेला पंप घेऊन ती धावत आली.

“अय्या, दमा आहे का हिला?” एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

“छे, छे, ॲलर्जी,” बाबा म्हणाले.

श्वास नुकताच परत आला होता. तो सगळा खर्चून मी म्हणाले, “दमा आहे.”

आत्याने डोळे वटारले. आईने तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं, पंप पदराने पुसला आणि टीव्हीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.