कोण कुणाला म्हणतंय

बाबांना स्ट्रोक आला आणि त्यांची सगळी भाषा गेली. मराठी गेली, इंग्रजी गेली, सदाशिव पेठेतून सोबत आणलेला तो खास टोमणाही गेला. उरले दोन शब्द. ‘हो’ आणि ‘च्यायला’. चहा देऊ का? हो. पाठ दुखतेय का? हो. बाबा, मी तुमची मुलगी की खालचा वॉचमन? हो. ‘च्यायला’ मात्र अगदी नेमक्या जागी यायचं. डायपर बदलताना, लिफ्ट बंद पडली की, आणि नातेवाईक भेटायला आले की.

तुला काय वाटलं गं तेव्हा, असं लोक विचारतात. काही नाही वाटलं. खरंच सांगते. मी खराडीच्या ऑफिसात सांगून घरून काम करायला लागले, हॉस्पिटलसारखी कॉट भाड्याने आणली, गोळ्यांच्या वेळा मोबाइलवर लावल्या. दाताला भूल दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं. आई रडायची. मी तिला पाणी आणून द्यायचे आणि परत लॅपटॉपसमोर बसायचे.

एक दिवस सकाळी आई त्यांची दाढी करत होती. अर्ध्या गालाला फेस होता. आणि बाबा एकदम गायला लागले. इंग्रजी. स्वच्छ, सणसणीत, अख्खी ओळ. सुरात.

“अगं, बोलले!” आई ब्रश घेऊनच माझ्या खोलीत आली. “काय म्हणाले? लवकर सांग, काय म्हणाले?”

हा प्रश्न तिने मला विचारणं साहजिक होतं. त्या गाण्यांचा अर्थ लावायला घरात मीच शिकले होते, आणि शिकवलं होतं बाबांनीच. आजोबांच्या घरात नाट्यगीतं चालायची आणि हा मुलगा कारखान्यातल्या कुणा मित्राच्या नादाने रॉक ऐकायला लागला, म्हणून घरी बोलणीही खाल्ली होती त्यांनी. पुढे विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. पेठेतून तडीपार झालो, म्हणायचे. पण मोठ्यांदा टेप लावायला मिळतो, हा फायदा होता.

माझ्या लहानपणी रविवारी सकाळी ते मला टेपरेकॉर्डरपुढे बसवायचे. एक ओळ झाली की खटकन बंद. “काय म्हणाला?” मी सांगायचे. ते मान हलवायचे. “शब्दाला शब्द लावू नकोस. डिक्शनरी मीही विकत आणू शकतो. आधी बघ, कोण कुणाला म्हणतंय. अर्थ मागून येतो चालत.” मग कॅसेट मागे, पुन्हा तीच ओळ. आई तेव्हा स्वयंपाकघरात नारळ खवत असायची. मधेच बाबा म्हणायचे, “आईला सांग, चहा टाक.” आई दहा पावलांवर होती. तिला ऐकू जायचं. पण सांगायचं मी.

वाईट नव्हते हो. हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत, पगार आणून तिच्या हातात ठेवला. फक्त तिच्याशी बोलले नाहीत. आईची सगळी नोकरी पोस्टात झाली, सरकारी इंग्रजी ती धडाधड वाचते. पण गाण्यातलं इंग्रजी तिला कधी कळलं नाही, आणि तिला तिथे बसवून कुणी कॅसेट थांबवली नाही.

तर त्या दिवशी मी सांगितलं, “रस्ता लांब आहे, काच खाली कर, असं म्हणाले.”

आईने खिडक्या उघडल्या. बाबांनी ओळ परत म्हटली. तिने बाल्कनीचं दारही उघडलं. संध्याकाळपर्यंत घरात डासच डास. पुढे म्हटलेल्या दुसऱ्या गाण्यात कारखान्याचा भोंगा वाजला तरी न उठणारा एक माणूस होता. ते ऐकून तिने व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलाला फोन करून सुट्टी दिली. तिसऱ्यात ‘सांगा त्यांना, मी घरी नाही’ असं होतं. नेमक्या तेव्हा आत्याबाई जिन्यात होत्या. आईने त्यांना आल्या पावली परत पाठवलं. तो अर्थ बरोबर असावा, कारण बाबा चक्क हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

“आई, अगं गाणी आहेत ती.”

“मग? कीर्तनात एका चरणावर दोन तास बोलतात, ते चालतं. आणि ह्यांच्या ओळीचा मी अर्थ लावला तर मी खुळी होय?”

सदाशिव पेठेत वाचा सुधारायला शिकवणारी एक मुलगी होती, तिच्याकडे आम्ही त्यांना न्यायचो. रिक्षा थेट दाराशी लावू देत नाहीत म्हणून व्हीलचेअर गल्लीभर ढकलत. मुलगी गुणी होती, पण तोंडावर स्पष्ट. तिने आईला समोर बसवून सांगितलं, “काकू, गाणी डोक्यात वेगळ्या जागी असतात. पाठ आहे ते बाहेर पडतंय, पाढे म्हटल्यासारखं. काकांना त्यातून काही सांगायचंय, असं धरून चालू नका.” मग तिने युक्ती शिकवली. त्यांचा चांगला, डावा हात धरायचा, तालात थोपटायचा, आणि त्यांच्या ओळखीच्या चालीत कामाचे शब्द बसवायचे. पाणी हवं. चहा नको. एवढंच, छोटं छोटं. तिने स्वतः म्हणून दाखवलं. आयुष्यभर जपलेल्या त्या चालीवर ‘चहा नको’ ऐकून बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की बास. म्हणाले, “च्यायला.”

परत येताना संगम पुलावर रिक्षा अडकली. बाबा माझ्या खांद्यावर डुलकी काढत होते. आई बाहेर बघत म्हणाली, “पाढे तर पाढे. पण मला एक वाक्य हवंय गं. माझ्याशी बोललेलं. एवढी वर्षं झाली, एक तरी. दुसरं काही मागणं नाही माझं.”

ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी म्हटलं, बघते.

आणि बघितलं. दुसरं काही जमत नव्हतं, हे जमण्यासारखं होतं. पोटमाळ्यावरच्या सगळ्या कॅसेटची गाणी नेटवर शोधली, शब्द काढले. तिथे जगभरची माणसं एकेका ओळीवरून भांडत असतात. एक म्हणतो हे नशेबद्दल आहे, दुसरा म्हणतो युद्धाबद्दल, तिसरा शपथेवर सांगतो की गाणाऱ्याचा कुत्रा मेला होता. आठवडाभर मी हेच वाचलं. बाबांच्या सगळ्या गाण्यांत रस्ते होते, धूर होता, पाऊस, कारखाने, घर सोडून निघालेले पुरुष. बायकोला दोन बरे शब्द कुणी म्हणेल तर शपथ. शेवटी एक सापडलं. ‘तू होतीस म्हणून मी घरी परतलो’, असं काहीसं. पण ते एका कॅसेटच्या शेवटी होतं, संथ होतं, आणि बाबा ते नेहमी पुढे पळवायचे. त्यांना पाठ असणं शक्यच नव्हतं.

“शिकवू या त्यांना,” मी आईला म्हटलं. “रोज लावायचं. महिन्याभरात येईल तोंडात.”

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलंन. “नको.”

“अगं, का?”

“सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या तोंडात घास घालते. आता वाक्यही मीच घालायचं आणि मीच ऐकून खूश व्हायचं? अक्कल गहाण टाकलीस का?”

विषय संपला.

दिवाळीनंतर बाबांनी एक नवीन ओळ काढली. नवीन म्हणजे जुनीच, पण आजारपणात प्रथमच. संध्याकाळी आई दिवा लावायला खोलीत आली की सुरू व्हायची. मी गेले तर नाही. संथ चाल, मधे गिटारसाठी सोडलेली जागा, त्या जागेपाशी बाबा अडकायचे. पुढची अर्धी ओळ येतच नव्हती.

“काय म्हणतात?” आईने विचारलं.

“तू हो पुढे, म्हणतात.”

“आणि मग?”

“दिवे मी बंद करतो. दारात कुणीतरी थांबलंय, त्याला म्हणतोय तो. तू हो पुढे, दिवे मी बंद करतो.”

हे गाणं मला चांगलं आठवत होतं. लहानपणी मी त्याचा अर्थ सांगितला होता की नवरा-बायको लग्नाला निघालेत. बाबा खो खो हसले होते. “लग्नाला! इतकं सोपं असतं तर गाणं कशाला लिहिलं असतं त्याने?” मग कोण कुणाला म्हणतंय, असं मी विचारलं, तर त्यांनी कॅसेट उलटी करून लावली. ते एकच गाणं त्यांनी मला समजावून दिलं नाही.

आई मात्र तशीच बटणाशी हात ठेवून उभी होती. “हे तर माझं वाक्य आहे,” ती म्हणाली.

होतंच तिचं. कुठेही जायचं असो, बाबा लिफ्टचं दार धरून उभे, आणि ही आत. गॅस बघणार, नळ बघणार, सगळ्या खोल्यांतून फिरणार. “तुम्ही व्हा पुढे, मी दिवे बघते, आलेच!” आणि बाहेरून बाबा, “लिफ्ट काय माहेरहून आणलीस?” थेट तिच्याशी बोलायचे ते एवढंच.

“म्हणजे मला म्हणतायत, तू हो पुढे?” आई कॉटवर बसली. “मी आधी जाऊ? वा! अहेव मरण चिंततायत माझं. भाग्यवान गं बाई मी.” ती हसत होती. मग हसू थांबलं. “आणि ह्यांना कोण बघणार मग? तू? तुला तर रडूही येत नाही.”

ते मला लागायला हवं होतं. नाही लागलं. मी म्हटलं, “आई, पाढे आहेत ते. पेठेतल्या त्या मुलीने सांगितलंय.”

“असू दे पाढे.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचं भांडण सुरू झालं. ते अर्धी ओळ गायचे, ती दिवा लावून कमरेवर हात ठेवायची. “अहो, मी नाही जायची पुढे. सांगून ठेवते. आधी तुमची दाढी कोण करेल ते सांगा.” ते म्हणायचे, हो. ती म्हणायची, हो काय हो! इतकं बोललेलं मी त्या दोघांना कधी ऐकलं नव्हतं. दाराआड उभी राहून मी ऐकायचे आणि मग कामाला लागायचे.

थंडीत बाबांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात राहून आले आणि गाणं थांबलं. मग गिळणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या, त्रास होईल असं काही करू नका. ‘हो’ तेवढं उरलं, तेही ओठातल्या ओठात. पण झोपत नव्हते. डोळे सताड उघडे आणि सारखे आईच्या मागे. ती स्वयंपाकघरात गेली की दाराकडे, परत आली की तिच्याकडे. दिवस दिवस तसेच. श्वास घेताना त्रास व्हायचा, दिसायचा, पण डोळे मिटत नव्हते.

“माझ्यासाठी अडकलेत,” आई एकदा पदराला हात पुसत म्हणाली.

एका दुपारी मी हॉलमध्ये मीटिंगमध्ये होते, हेडफोन लावून. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आई कॉटशेजारी स्टुलावर बसली, तिने बाबांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटायला लागली. तालात. मला वाटलं, पाणी विचारतेय. मग तिचे ओठ हलताना दिसले आणि मी हेडफोन काढले.

आई गात होती. माझी आई आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवते. त्या घरात गाणं हे बाबांचं खातं होतं. आणि आता तिच्या पोस्टातल्या, घोगऱ्या आवाजात त्या गाण्याची चाल येत होती, वळण न् वळण बरोबर. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून पाठ झालेली. गिटारच्या जागेपाशी ती थांबलीसुद्धा, जितकं थांबायचं तितकं. शब्द मात्र मराठी घातले होते.

“तुम्ही व्हा पुढे,” आई गात होती. “दिवे मी बघते.”

बाबा तिच्याकडे बघत होते. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. हात थोपटत होती. मग शेवटी, मूळ गाण्यात नसलेला तुकडा तिने जोडला, अगदी हळू.

“आलेच मी.”

तेव्हा मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं, हुंदके देऊन, थांबेचना. कॅमेरा चालू होता, स्क्रीनवर सगळे गप्प झालेले दिसत होते. दिसू दे, म्हटलं, बघू दे सगळ्यांना.

बाबा म्हणाले, “हो.” मग त्यांनी डोळे मिटले.

आई हात धरून बसून राहिली. मी डोळे पुसत दारात जाऊन उभी राहिले, तिने वळून माझ्याकडे बघितलं. ते काय म्हणाले, हे मात्र तिने मला विचारलं नाही.