खंडेनवमीला पुजलेला हब

आमच्या घरात इंटरनेट गेलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी घरी बसून कॉम्प्युटरवर भाषांतराची कामं करते, एवढाच माझा गुन्हा. वायरींमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या सासूबाईंचं म्हणणं असं, की जी बाई दिवसभर त्या पेटीसमोर बसते, तिला ती पेटी का रुसली हे कळायलाच हवं. मी एकदा म्हटलं, "आई, तुम्ही रोज गॅससमोर उभ्या असता, मग सिलिंडर दुरुस्त कराल का?" तर म्हणाल्या, "वेळ आली तर करीन." कप्पाळ माझं! आणि त्यांनी केलाही असता, ही खरी भीती.

तर गेल्या दसऱ्याचं सांगते. त्याआधी आमच्या वायरींचा पसारा समजून घ्यायला हवा. बाहेरून येणारी नेटची वायर हॉलमध्ये टीव्हीखालच्या राऊटरला लागते. तिथून एक वायर पॅसेजमध्ये जाते आणि चपलांच्या रॅकवर ठेवलेल्या एका काळ्या डबीत शिरते. ती डबी म्हणजे हब. तिथून पुढे फाटे फुटतात: एक माझ्या टेबलाकडे, एक टीव्हीला, एक मागच्या खोलीत आईंच्या कॉम्प्युटरला.

हो, आईंना स्वतःचा कॉम्प्युटर आहे. माझाच जुना, वाय-फाय नसलेला, वायरीवरच चालणारा, पण आता त्यांचा. त्या मखमलाबादकडच्या, भाजी-फुलांच्या मळ्यात वाढलेल्या. दहावी झाली, लग्न झालं, आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. साठीला टेकल्यावर एके दिवशी भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "मी बाहेरून बी.ए. करू का गं?" मला वाटलं थट्टा करतायत. तर नाही! त्यांनी सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. बहिणींना मात्र पत्ता लागू दिला नाही. "नापास झाले तर जन्मभर चिडवतील," असं म्हणायच्या. घरात आम्हा तिघांनाच ठाऊक: मी, माझा नवरा आणि सासरे.

एक एक करत सगळे पेपर सुटले. उरली होती शेवटची तोंडी परीक्षा. झेंडूच्या मळ्यात राबणाऱ्या बायकांवर आईंनी एक प्रकल्प लिहिला होता, त्यावर परीक्षक कॉम्प्युटरवरून प्रश्न विचारणार होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. आईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "यंदा झालं तर झालं. हुकलं तर मी पुन्हा बसायची नाही." त्या एकदा बोलल्या की बोलल्या. लग्नानंतर एकदा रागाच्या भरात चहा सोडला, तो अजून घेत नाहीत.

आता सासऱ्यांविषयी. बाबांचं सगळं आयुष्य सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. ते निवृत्त झाले, पण टूलरूम काही निवृत्त झाली नाही, ती आमच्या घरी राहायला आली. स्वयंपाकघरात सांडशी जिथे टांगायची, तिथे भिंतीवर पेन्सिलीनं सांडशीची आकृती काढलेली आहे. किसणी, झारा, चिमटा, सगळ्यांच्या आकृत्या. पाहुणे ती भिंत बघायला मुद्दाम आत येतात. मी सुरुवातीला चिडायचे, पण खोटं कशाला बोलू, अंधारातसुद्धा सांडशी सापडते.

अशा माणसाचा वर्षातला सर्वात मोठा सण कोणता असेल? दिवाळी? छे! खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं निघतात. पाने, पक्कड, हातोड्या, ड्रिल, आईंची विळी, शिवणयंत्र, स्कूटर. एकूण एक वस्तू पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून पाटावर ओळीनं मांडली जाते. त्या वर्षी बाबांनी कॉम्प्युटरही पुसले आणि हबही. "तोही राबतोच की बिचारा," म्हणाले. मी कौतुकानं फोटोसुद्धा काढला.

आमच्याकडची रीत अशी, की पूजेला बसवलेली वस्तू दसरा होईपर्यंत वापरायची नाही. विळीसुद्धा नाही. दोन दिवस आम्ही सुरीनं कुचूकुचू कापत बसतो. त्यामुळे कॉम्प्युटर हार घालून गप्प, आईंची पुस्तकं सरस्वतीपुढे गप्प, आणि हब परत रॅकवर जाऊन डोक्यावर एक झेंडू घेऊन गप्प. मोबाईलवर दसऱ्याच्या शुभेच्छा फार सावकाश येत होत्या, पण मी म्हटलं, आख्खा महाराष्ट्र आज सोनं वाटतोय, वेळ लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांची ठेवणीतली, इस्त्री केलेली जांभळी साडी नेसून, अंबाडा घालून मागच्या खोलीत जाऊन बसल्या. जरा सराव करू म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि तिथूनच हाक आली, "अगं ए! हे काय दाखवतंय बघ."

स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. इंटरनेट नाही.

मी माझा कॉम्प्युटर लावला. तिथेही तेच. मोबाईलचं वाय-फायही मेलेलं. राऊटर बंद केला, चालू केला. काही नाही. नवरा सुरगाण्याला नोकरीला असतो, तो पहाटेच्या जीपनं निघून गेला होता. घाटातून त्याचा फोन लागला. मी सगळं रामायण सांगितलं. तो म्हणाला, "बंद करून चालू केलंस का?" नंतर रेंज गेली. बरं झालं, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे. नेटवाल्यांना फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून ओके दिसतंय. माणूस दुपारनंतर पाठवते."

मग राऊटरमधून हबकडे जाणारी वायर उपटली. झटक्यात मोबाईलवर वाय-फाय आलं! पुन्हा खोचली, पुन्हा गेलं. म्हणजे नेट ठणठणीत होतं, दुखणं हबमध्ये. मी पॅसेजमध्ये गेले. हबचे सगळे हिरवे दिवे एकदमच लपलप करत होते. एरवी ते आपापल्या लयीत, सवडीनं लुकलुकतात. आज लग्नघरावरच्या माळेसारखे पिसाळले होते. आणि डबीवर कुंकवाचा हा भलामोठा टिळा.

झालं! माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीचा होता.

"बाबा," मी ओरडले, "तुम्ही ह्याच्यावर पाणी शिंपडलंत?"

"फुलानं शिंपडलं. बादलीनं नाही."

"आणि हळदकुंकू? ते भोकांमध्ये गेलंय!"

"मी टूलरूममध्ये तीस-तीस लाखांच्या मशीनला हळदकुंकू लावलंय," बाबा पण तापले. "एकही बंद पडलं नाही. तुझ्या डबीचं काय कौतुक!"

मी हब उलटा करून आपटला, फुंकला, जुन्या टूथब्रशनं घासला. आईंच्या केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोतही दिला. हळद उडाली, माझ्या नाकात गेली, मी शिंकत सुटले. दिवे आपले लपलपतायतच.

आई दारात उभ्या होत्या. "जाऊ दे," म्हणाल्या. "नसेल देवाच्या मनात." आणि स्वयंपाकघरात जाऊन गिलकी कापायला बसल्या. ठेवणीतली साडी नेसून, जमिनीवर, विळीवर! मला इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. गिलक्याच्या चकत्या एरवी त्या डोळे मिटून एकसारख्या करतात. त्या दिवशी एक जाड, एक पातळ पडत होती.

"मोबाईलवर देता येईल का?" बाबांनी दारातून विचारलं.

"मोबाईलवर समोरच्याचं तोंड सुपारीएवढं दिसतं," आई म्हणाल्या. "शिवाय मोठ्या स्क्रीनवरूनच बसा म्हणून कळवलंय त्यांनी. बंद खोलीत, एकटीनं."

"मग कॉम्प्युटर हॉलमध्ये आणू. राऊटरलाच जोडू."

"हॉलला दार कुठाय? आणि काल राहिलेले लोक आज दिवसभर सोनं द्यायला येत राहणार. मी उत्तर देतेय आणि इकडे शेजारची आपट्याची पानं घेऊन माझ्या पाया पडतेय, असं दाखवू परीक्षकांना?"

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. त्या खरोखर सोडून देत होत्या, ते दिसत होतं. मला स्वतःचाच राग आला आणि मी तरातरा पॅसेजमध्ये गेले.

हबमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वायरी उपटल्या. म्हटलं, एकेक लावून बघू, कोणती कुलक्षणी आहे ती सापडेल. राऊटरची लावली. दिवा शांत. आईंची लावली आणि हाक मारली, "बाबा, त्रिकोण बघा!" "गेला!" आतून आवाज आला. माझी लावली, टीव्हीची लावली, तरी ठीक. खाली पडलेली एक राखाडी वायर लावली, तीही गरीब गाय. मग उरलेली शेवटची लावली आणि सगळे दिवे पुन्हा पिसाळले. "आला! त्रिकोण आला!" उपटली. "गेला!" लावली. "आला! अगं, काय खेळ लावलायस?"

सापडली सटवी. आता ही जाते कुठे? मी ती हातात धरून निघाले. ती रॅकच्या मागे गेली, पायपुसण्याखाली शिरली, तिथे तिची छानपैकी गुंडाळी करून दोरीनं बांधलेली होती, आणि त्या गुंडाळीतून निघून ती वर चढली. कुठे? परत हबमध्येच! राखाडी गरीब गाय ती हीच. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डबीत.

ही वायर नवऱ्याच्या टेबलाची. तो सुरगाण्याला गेल्यापासून तिचं एक टोक हबमध्ये होतं आणि दुसरं जमिनीवर नुसतं पडलेलं असायचं.

"बाबा, हे कोणी लावलं?"

"मीच. पूजेनंतर हब परत जोडताना. मोकळं टोक लोळत होतं, समोर भोक रिकामं होतं. बसलं बरोबर." त्यांच्या आवाजात अजूनही अभिमान होता. टूलरूमचा नियम त्यांचा: मोकळं टोक दिसलं की त्याची जागा शोधायची.

मी त्यांना समजावलं, जेवढं मला तेव्हा कळलं होतं तेवढं. हबमध्ये आलेला निरोप ह्या टोकातून बाहेर पडतो, त्या टोकातून परत आत येतो, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. द्वारका सर्कलला रस्ता चुकलेली रिक्षा गोल गोल फिरत राहावी तसा. अशा हजार रिक्षा झाल्या की बाकीच्यांना जागाच उरत नाही.

मी हसत सुटले होते. बाबा हसले नाहीत. मशीनींत जन्म गेलेला त्यांचा, त्यांना माझ्या आधी सगळं समजलं. "म्हणजे पंपाचं पाणी मी पंपातच सोडलं," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं ती वायर दोन्हीकडून काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "ऊठ गं. लागलंय. माझ्यामुळेच बंद होतं. ऊठ, वेळ होत आलीय."

आई विळीवरून उठल्या. साडीला गिलक्याचं पाणी लागलं होतं, ते पुसत पुसत मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

बाबांनी पॅसेजमध्ये स्टूल आणलं आणि हबसमोर ठाण मांडलं. "कोणी हात लावायला नको," म्हणाले. दाराबाहेर आम्ही दोघंच. हबला हात लावणारा माणूस स्वतःच पहाऱ्याला बसला होता.

दाराआडून आईंचा आवाज येत होता. आधी पाठ केल्यासारखा, पुस्तकी. मग हळूहळू बाई खुलल्या. झेंडू खुडायला बायका किती लवकर निघतात, हातांना पिवळा डाग कसा राहतो, बाजारात भाव पुरुष ठरवतात आणि पाट्या बायका वाहतात. बोलता बोलता माहेरची बोली डोकावायला लागली. "लय काम असतंय बघा दसऱ्याला," असं चक्क परीक्षकांना! बाबा स्टुलावर पुढे सरकून ऐकत होते. "हे हिनं मला कधी सांगितलं नाही," असं माझ्याकडे बघून पुटपुटले.

शेवटी परीक्षकांनी काहीतरी विचारलं, ते आम्हाला ऐकू आलं नाही. आईंचं उत्तर मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"नाही सर, शिक्षण कुणी सोडायला लावलं नाही. माहेरी नाही, सासरी पण नाही. पुढे शिकायचंय का, असं कुणी विचारलंच नाही फक्त."

बाबा हबच्या दिव्यांकडे बघत राहिले. मी भांडी लावायच्या निमित्तानं तिथून उठले.

थोड्या वेळानं दार उघडलं. आईंचा चेहरा लाल झाला होता. "चांगलं झालं म्हणाले," त्यांनी मला सांगितलं. "एकाही प्रश्नाला अडले नाही गं!" मी त्यांना मिठीच मारली, गिलक्याच्या वासासकट.

बाबा स्टुलावरून उठले. घसा खाकरला. मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज समोर असलेल्या बाईला त्यांनी, नवख्या माणसाशी बोलावं तसं, चाचरत विचारलं, "तुला... पुढे शिकायचंय का?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. परीक्षकांच्या एकाही प्रश्नाला न अडलेली बाई या एका प्रश्नाला अडली.